राणीच्या बागेची वही

रामकुंडावर बाहेरगावचा माणूस अस्थी घेऊन आला, की उपाध्याय त्याला आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग गोत्र. तेवढ्यावर आतल्या खोलीतून कापडात गुंडाळलेली एक लांबट वही बाहेर येते. पानं उलटता उलटता बोट एका जागी थांबतं आणि त्या माणसाला आपल्या खापरपणजोबांची मोडीतली सही दिसते. अमुक शके, अमुक तिथी, सोबत दोन बंधू आणि एक भाचा. माणूस गलबलतो. मी पंचवटीत वाढलो, त्यामुळे या वह्यांचं अप्रूप मला फार उशिरा वाटलं. ते वाटलं तेही रामकुंडावर नाही, तर भायखळ्याला, माकडांच्या पिंजऱ्यासमोर.

आमच्या प्राणिमित्र मंडळाच्या स्मरणिकेसाठी एका संस्थेचा इतिहास लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा संस्था नाशिकचीच असावी असं मला वाटलं होतं. पण नाशिकला प्राणिसंग्रहालय नाही. आमच्या पिढीचं प्राणिसंग्रहालय म्हणजे राणीची बाग. १९७५ मध्ये पंचवटी एक्स्प्रेस सुरू झाली आणि नाशिकच्या शाळांना एका दिवसात मुंबई करून परतणं जमू लागलं. सकाळची गाडी पकडायची, दादरला उतरायचं, लोकलनं भायखळा गाठायचं, दुपारी डबे सोडायचे आणि संध्याकाळच्या पंचवटीनं परत. जीवशास्त्राचा शिक्षक म्हणून मी मुलांना घेऊन हा प्रवास इतक्या वेळा केला, की त्या बागेचा इतिहास लिहिण्याचा थोडासा हक्क मी माझ्याकडे घेतो आहे.

बाग आधी झाडांची होती, प्राण्यांची नंतर. पश्चिम हिंदुस्थानच्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची पहिली बाग शिवडीला होती. पुढे ती जागा दफनभूमीला गेली आणि सोसायटीनं भायखळ्याला नवी बाग मांडायला घेतली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या पत्नीच्या हस्ते ती खुली झाली आणि व्हिक्टोरिया राणीचं नाव तिला मिळालं. या उद्योगामागे जॉर्ज बर्डवुड हा वनस्पतींचा आणि वस्तुसंग्रहांचा वेडा डॉक्टर होता, डॉ. भाऊ दाजी लाड होते, जगन्नाथ शंकरशेट होते. बागेच्या दारातलं वस्तुसंग्रहालय १८७२ मध्ये उघडलं. त्याच्यासमोरचा घड्याळाचा मनोरा डेव्हिड ससून यांच्या देणगीचा. सोसायटीला खर्च झेपेना, तेव्हा १८७३ मध्ये बाग मुंबईच्या नगरपालिकेकडे आली आणि आजतागायत तिच्याकडेच आहे. प्राण्यांसाठी सुमारे १५ एकरांची जागा जोडली गेली ती १८९० मध्ये.

लोकांनी ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’चं ‘राणीचा बाग’ केलं. जुनी माणसं बाग पुल्लिंगी म्हणत, आता ती सर्रास स्त्रीलिंगी झाली आहे. स्वातंत्र्यानंतर वीरमाता जिजाबाई भोसले यांचं नाव बागेला दिलं गेलं. नाव योग्यच होतं, पण टॅक्सीवाल्याला आजही ‘राणीबाग’ म्हटल्याशिवाय कळत नाही. एका राणीच्या जागी राजमाता आली, पण बोलण्यात राणी राहिली.

या बागेतला मला सगळ्यांत आवडणारा हत्ती दगडाचा आहे. घारापुरी बेटाच्या धक्क्याजवळ एक मोठा दगडी हत्ती उभा असे. पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिलं ते त्याच्यावरूनच. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, पण उचलताना यारीची साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आले आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. आज तो वस्तुसंग्रहालयाच्या आवारात आहे. १९६५ मध्ये फोर्टमधला काळा घोडाही घोडेस्वार सातव्या एडवर्ड राजासकट इथंच येऊन उभा राहिला. शहरात नको झालेली आणि मोडलेली वस्तू राणीच्या बागेत पाठवायची, ही मुंबईची जुनी सवय दिसते. जिवंत प्राण्यांच्या बाबतीतही बराच काळ असंच चालत आलं.

जुन्या काळात प्राणिसंग्रहालयात प्राणी कसे येत, ते आठवून पाहा. कुणी संस्थानिक अस्वलाची पिल्लं नजराणा देई. एखाद्या बोटीवरून पोपट उतरे. मदाऱ्याच्या हातून सोडवलेलं माकड येई, कुणाच्या बंगल्यात पाळलेलं वाढलं आणि चावू लागलं म्हणूनही माकड येई. त्या माकडाला पिंजरा मिळे, नाव मिळे, पण नोंद मिळत नसे. ते कुठल्या जंगलातलं, त्याची आई कोण, वय काय, हे कुणी लिहून ठेवलेलं नसे. देखाव्याला त्याची गरजच नव्हती. लोकांना माकड पाहायचं होतं, आणि माकडानं दाणे घ्यायचे होते.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी पहिल्यांदा मुलांना घेऊन गेलो तेव्हा माकडांचे पिंजरे बागेतली सगळ्यांत गर्दीची जागा होती. सिमेंटची जमीन, लोखंडी गज, मधोमध टांगलेला टायर. गजांबाहेर शेंगदाण्यांच्या पुड्या, चुरमुरे, कुणी पेटती विडीसुद्धा पुढे करी. प्राण्याला चिडवणं किंवा त्याला खाऊ घालणं हा पुढे कायद्यानं गुन्हा ठरला. वन्यजीव संरक्षण कायद्याचं ३८-जे हे कलम नेमकं त्यासाठीच आहे. तेव्हा मात्र पुड्या विकणाराही दारातच बसलेला असे, आणि माझ्या वर्गातला एकही मुलगा पुडी घेतल्यावाचून आत जात नसे.

माकड आणि वानर यांतला फरक मराठीत जितका नेमका आहे तितका इंग्रजीत नाही. आमच्या अंजनेरीवर, सप्तशृंगीच्या वाटेवर मुलं काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या प्राण्याला वानर म्हणतात आणि लाल तोंडाच्याला माकड, आणि ते बरोबर असतं. दोघांचं पोटही वेगळं. वानराच्या जठराला कप्पे असतात, ते पाला पचवतं. माकड मिळेल ते खातं. एका पिंजऱ्याला गव्हाची पोळी आणि केळी घातली की दोघांचंही भागतं, असं समजणारा माणूस वानरांना हळूहळू आजारी पाडतो. प्राणिसंग्रहालयाच्या कामातली पहिली पायरी ही आहे : कोण आहे ते ओळखणं. ती सोपी वाटते, पण नसते. पुढे स्पायडर मंकीची गोष्ट येईल तेव्हा हे कळेल.

दुसरी पायरी जोडीची. बहुतेक जुनी प्राणिसंग्रहालयं इथंच चुकली. पिंजऱ्यात नर आणि मादी ठेवले की पिल्लं होतात, आणि पिल्लं झाली की वर्तमानपत्रात फोटो येतो. मग त्या पिल्लांची पिल्लं. चौथ्या पिढीला कुणाच्याही लक्षात येत नाही की सगळा गोतावळा एकाच बापाचा आहे. याचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण मध्य प्रदेशातल्या रेवा संस्थानचं. १९५१ च्या मे महिन्यात महाराजा मार्तंडसिंह यांनी एक पांढरा छावा पकडला आणि त्याचं नाव मोहन ठेवलं. मोहनला बेगम नावाच्या नेहमीच्या रंगाच्या वाघिणीपासून एकही पांढरं पिल्लू झालं नाही. मग त्याची जोडी त्याच्याच मुलीशी, राधाशी लावण्यात आली आणि १९५८ मध्ये चार पांढरे बछडे जन्मले. जगातल्या प्राणिसंग्रहालयांतल्या पांढऱ्या वाघांचं कूळ बहुतांशी या बापलेकीपर्यंत जाऊन पोहोचतं. तिरळे डोळे आणि वाकडा कणा असे दोष त्या कुळात का येतात, हे आमच्याकडच्या कुठल्याही आजीला समजावून सांगावं लागणार नाही. सगोत्र लग्नाला ती उगाच नाही म्हणत नसे.

चंदीगडजवळच्या छतबीडला आणखी वेगळा घोळ झाला. तिथं गीरचे आशियाई सिंह आणि सर्कशीतून आलेले आफ्रिकी सिंह यांचा संकर झाला, पिल्लं होत राहिली, दुसरीकडे पाठवली गेली. शेवटी त्यांची वीण थांबवावी लागली, नरांची नसबंदी करावी लागली. सिंह मोजायला भरपूर होते, पण गीरच्या संवर्धनासाठी त्यातला एकही उपयोगाचा नव्हता. आईबापाची नोंद नसली, तर दहा पिल्लंसुद्धा शून्यात जमा.

हे सगळं थांबवायला १९९१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं. मान्यता नाही तर प्राणिसंग्रहालय नाही. एका प्राणिसंग्रहालयानं दुसऱ्याकडून प्राणी घ्यायचा तर प्राधिकरणाची परवानगी. प्रत्येक जन्म, मृत्यू, आवक, जावक यांची नोंद. राणीच्या बागेसारख्या पालिकेच्या बागांना हा कायदा जड गेला, कारण त्यांचे हिशेब उद्यान खात्याच्या पद्धतीचे होते. किती कुंड्या, किती रोपं, किती हरणं. एकेका प्राण्याचं पान उघडायचं म्हणजे त्याला ओळखता आलं पाहिजे. मग कानात पट्टी, पायात वळं, शेवटी कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप. चिपमध्ये एक आकडा, आणि तो आकडा वहीत. या वह्यांना स्टडबुक म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातले गवे, म्हणजे बायसन, जंगलातून पार संपले आणि प्राणिसंग्रहालयांत पन्नासच्या आसपास उरले. तेव्हा त्या उरलेल्यांची वंशावळ लिहायला घेतली गेली. तिच्या आधारे कोणाची जोडी कोणाशी लावायची ते ठरलं आणि गवे पुन्हा पोलंडच्या जंगलात सोडता आले.

आता स्पायडर मंकीबद्दल. सहलीतली मुलं हमखास विचारत : सर, सिनेमात शेपटीनं लटकतं ते माकड इथं का नाही? मी ते राणीच्या बागेत पाहिलेलं नाही, आणि ते नाही याचं मला वाईटही वाटत नाही. पण प्राणी सांभाळणं आणि त्यांची वीण करणं म्हणजे काय हे समजावून द्यायला याच्याइतका चांगला धडा दुसरा नाही, म्हणून थोडं विषयांतर.

स्पायडर मंकी हे मेक्सिकोपासून बोलिव्हियापर्यंतच्या जंगलांतलं माकड. त्याच्या सात जाती सर्वसाधारणपणे मानल्या जातात. हाताला अंगठा नाही किंवा नावापुरता. शास्त्रीय नाव ‘आटेलेस’, म्हणजे ग्रीकमध्ये ‘अपुरं’, ते त्या अंगठ्यावरूनच पडलं. निसर्गानं ती कसर शेपटीत भरून काढली. शेपटीच्या टोकाला आतून केस नसलेली कातडी असते, आपल्या बोटाच्या पेरासारखी, आणि तिच्यानं ते फांदी धरतं, फळ उचलतं. त्यामुळे त्याला जमीन लांबरुंद असून भागत नाही, उंची लागते, दोर लागतात, लोंबकळायला जागा लागते. आमचे जुने पिंजरे नेमके उलटे होते : पायाखाली सिमेंट आणि डोक्यावर लगेच छत.

खाणं मुख्यतः पिकलेली फळं. इथं माणूस फसतो. फळं खातं ना, मग घाला केळी, द्राक्षं, आंबे. पण जंगलातलं फळ तुरट, चोथ्याचं, बियांनी भरलेलं असतं. बाजारातलं फळ आपण पिढ्यान्‌पिढ्या गोड करत आणलेलं. पाळलेल्या स्पायडर मंकींना मधुमेह होतो हे प्राणिवैद्यांना चांगलं माहीत आहे. निफाडची थॉम्पसन द्राक्षं त्यांना रोज घातली, तर काही वर्षांत प्राण्यांच्या डॉक्टरला साखर तपासत बसावं लागेल. म्हणूनच परदेशातल्या चांगल्या बागा आता माकडांच्या ताटातली फळं कमी करून पालेभाज्या वाढवत आहेत.

पण खरी गंमत ओळखण्याची. स्पायडर मंकीच्या मादीचा जननावयव इतका लांब आणि लोंबता असतो, की अनोळखी माणूस तिला बेधडक नर समजतो. नराचा मात्र सहसा दिसत नाही, म्हणून त्याला मादी. नव्या कीपरकडून ही चूक पूर्वी हमखास व्हायची. म्हणजे ‘एक नर, दोन माद्या’ असा कागद आणि पिंजऱ्यात भलतंच. वर्षं जातात, पिल्लं होत नाहीत, आणि दोष हवेला, अन्नाला, पिंजऱ्याला दिला जातो. दुसरी गोष्ट जातींची. कोलंबियाचं काळं, मध्य अमेरिकेतलं तांबूस, व्हेनेझुएलाकडचं तपकिरी, अशी एकमेकांना जवळची दिसणारी माकडं जुन्या काळी एकत्रच ठेवली गेली आणि त्यांचे संकर झाले. तपकिरी स्पायडर मंकी आज अतिसंकटग्रस्त आहे. अशा जातीतली एक मादी संकराच्या पिल्लात गुंतली, तर तिच्या आयुष्यातली काही वर्षं गेली. गर्भ साडेसात महिन्यांचा, आणि दोन बाळांमध्ये दोन ते चार वर्षांचं अंतर. म्हणजे सगळ्या आयुष्यात तिला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच बाळं होतात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत आवडते. आपल्या माकडांत आणि वानरांत मुलगी आईच्या टोळीतच राहते आणि वयात आलेला मुलगा घराबाहेर पडतो. स्पायडर मंकीत उलटं. मुलगे जन्मभर एकत्र राहतात आणि मुलगी सासरी जाते. मराठी माणसाला याचं नवल वाटायचं कारण नाही. पण प्राणिसंग्रहालयाच्या व्यवस्थापकासाठी त्याचा अर्थ असा, की मुलगी चार-पाच वर्षांची होईपर्यंत तिच्यासाठी स्थळ शोधून ठेवायचं. स्थळ दुसऱ्या बागेतलं, गोत्र वेगळं, जात तीच, आणि नरांना कायमची एकत्र राहता येईल इतकी मोठी जागा. युरोपातल्या बागा हे एकट्यानं करत नाहीत. सगळ्या बागांची मिळून एक वही असते, आणि ती सांभाळणारा माणूस सांगेल तिकडे मुलगी पाठवली जाते. मुलगी कोणाच्या मालकीची हा प्रश्न तिथं फारसा उरत नाही.

हे सगळं वाचल्यावर राणीच्या बागेकडे परत येऊ, कारण २००७ च्या सुमारास तिथं प्राणी कसे आणि कुठं ठेवायचे हा प्रश्न उभा राहिला. थायलंडमधल्या एका सल्लागार कंपनीनं बागेचा मोठा कायापालट सुचवला. खंडोखंडीचे प्राणी, नवे रस्ते, नवी दालनं. मुंबईकरांमधल्या काही जाणत्यांनी तेव्हा बागेतली झाडं मोजायला घेतली आणि त्यांना २८६ जातींची ३,२१३ झाडं सापडली. गोरखचिंच, कृष्णवड, कैलासपती, आणि फुललं की बघणाऱ्याला जागीच थांबवणारी उर्वशी. मुंबईसारख्या शहरात एका आवारात एवढा संग्रह ! बाग वारसा वास्तूंच्या यादीत होती, तिचा मूळ आराखडा १८६२ चा होता, आणि प्राण्यांच्या पिंजऱ्यांसाठी झाडं जाणार होती. वाद पुष्कळ वर्षं चालला. आराखडा बदलला, छोटा झाला. मी त्या वादात झाडांच्या बाजूचा होतो आणि अजूनही आहे. पण इतकं मान्य करतो, की जुने पिंजरे मोडायलाच हवे होते.

पहिला नवा पाहुणा आला तो वादासकट. २६ जुलै २०१६ रोजी दक्षिण कोरियातल्या सोल शहरातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. हे पेंग्विन बर्फातले नव्हेत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तरीही मुंबईच्या दमट हवेत त्यांना जगवायचं तर सोळा-सतरा अंशांचं वातानुकूलित घर बांधावं लागलं. घर पूर्ण होईपर्यंत त्यांना विलगीकरणात ठेवलं होतं. ऑक्टोबरमध्ये त्यांतली एक मादी, डोरी, दगावली. मार्च २०१७ मध्ये बाकीचे सात लोकांसमोर आले. त्याच वर्षी मोठ्या माणसाचं तिकीट पाच रुपयांवरून पन्नास झालं, आणि तरीही रांगा वाढल्या. महापालिकेत, वर्तमानपत्रांत, चहाच्या टपरीवर पेंग्विन हा राजकीय पक्षी होऊन बसला. मला त्यांच्या राजकारणात रस नव्हता, त्यांच्या वहीत होता.

पेंग्विनांतही नर कोणता आणि मादी कोणती हे नुसतं बघून सांगता येत नाही. रक्त तपासावं लागतं. राणीच्या बागेत हे काम आधीच झालं होतं, आणि जोड्या जमल्या त्या पेंग्विनांनी आपल्या आपण जमवल्या : डोनाल्ड-डेझी, पॉपाय-ऑलिव्ह, आणि सगळ्यांत विजोड अशी मिस्टर मोल्ट-फ्लिपर. मिस्टर मोल्ट वयानं सर्वांत लहान नर आणि फ्लिपर सर्वांत मोठी मादी. पत्रिका बघणाऱ्यानं हे स्थळ नक्की मोडलं असतं. पण ५ जुलै २०१८ ला अंडं घातलं ते फ्लिपरनं. आईबापांनी आळीपाळीनं चाळीस दिवस उबवलं आणि १५ ऑगस्टला पिल्लू बाहेर आलं. भारतात जन्मलेलं पहिलं पेंग्विनचं पिल्लू, आणि तेही स्वातंत्र्यदिनी. शहराला आणखी काय हवं होतं ! एका आठवड्यात, २२ ऑगस्टला, ते गेलं. पोटातला बलक शोषला गेला नव्हता आणि यकृत नीट चालत नव्हतं, असं शवविच्छेदनात दिसलं.

त्या आठवड्यात मी एका शाळेत जीवशास्त्राचा तास घेत होतो. मुलांनी विचारलं, की मग हे सगळं फुकट गेलं का? मी फळ्यावर तारखा लिहिल्या : अंडं कधी, बाहेर कधी, वजन किती दिवसांत कमी झालं, कशानं गेलं. पहिल्या विणीत काय चुकलं किंवा चुकलं नाही, हे पुढच्या वेळेला याच तारखांवरून कळतं. हे मी त्या मुलांना पटवू शकलो की नाही, ठाऊक नाही. त्यांना पिल्लू हवं होतं. पुढे २०२१ मध्ये डोनाल्ड आणि डेझीला ओरिओ झाला, ऑगस्टमध्ये मोल्ट आणि फ्लिपरला ऑस्कर झाला, आणि दोघंही जगले. तीन वर्षांपूर्वीच्या पानाचा उपयोग झाला होता.

वाघांची गोष्ट घरातल्या घरात घडली. बागेत कित्येक वर्षं वाघ नव्हता, मुंबईची मुलं पिंजऱ्याची पाटी वाचून परत येत. फेब्रुवारी २०२० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा ही जोडी आली. सिद्धार्थ उद्यान आकारानं लहान, महापालिकेचं, जागेच्या तक्रारींनी कायम गांजलेलं. २०१८ मध्ये त्याच्या मान्यतेवरच गंडांतर आलं होतं आणि शहराबाहेर मिटमिट्याला मोठी जागा करण्याचं घोंगडं पुढे बरीच वर्षं भिजत राहिलं. पण त्याच उद्यानात समृद्धी नावाची वाघीण होती, आणि ती नावासारखीच निघाली. २०१९ मध्ये चार बछडे, २०२० च्या डिसेंबरात पाच. महाराष्ट्रातल्या कुठल्याही श्रीमंत बागेला जे जमत नव्हतं ते मराठवाड्यातल्या एका अपुऱ्या बागेनं करून दाखवलं. देखणी दालनं बांधणाऱ्यांनी एकदा तिकडच्या कीपरांकडे जाऊन बसावं, असं मला फार वाटतं.

भायखळ्याला १४ नोव्हेंबर २०२१ रोजी करिश्माला मादी बछडी झाली. जानेवारी २०२२ मध्ये तिचं बारसं झालं, नाव ठेवलं वीरा. पेंग्विनच्या ऑस्करचं नावही त्याच समारंभात जाहीर झालं. संभाजीनगरचं माहेर, भायखळ्याचं सासर, आणि वीराला पुढे कुठं द्यायचं ते प्राधिकरणाच्या वहीतून ठरायचं.

पुण्याची बाग या गोष्टीत ओझरती येते, तीही वहीच्याच निमित्तानं. पेशव्यांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता आणि त्यातल्या गेंड्याचं, सिंहिणीचं चित्र गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकारानं १७९० च्या आसपास इतकं जिवंत काढलं, की गेंड्याच्या कातडीच्या घड्या मोजून घ्याव्यात. आज ती चित्रं अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. महाराष्ट्रातल्या बंदिस्त प्राण्यांची इतकी नीट नोंद त्याआधीची मला तरी माहीत नाही. १९५३ मध्ये पुणे महापालिकेनं सारसबागेशेजारी पेशवे पार्क काढलं, १९५६ मध्ये तिथं फुलराणी धावू लागली. १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान झालं, त्याच्या बाजूनं १३० एकरांत नवी बाग वाढली, आणि २००५ मध्ये पेशवे पार्कातले प्राणी तिकडे गेले. झाडांचं आणि प्राण्यांचं भांडण पुण्यानं जागा बदलून मिटवलं. मुंबईला तशी जागाच नव्हती.

नाशिकला प्राणिसंग्रहालय हवं की नको, यावर आमच्या मंडळात दरवर्षी एक बैठक होते आणि दरवर्षी चहावर संपते. आमच्याकडे बिबटे इतके आहेत की पिंजऱ्यातला बघायला कुणी तिकीट काढणार नाही, असं एक मत. वनखात्यानं पकडलेले, जखमी झालेले बिबटे जुन्नरजवळच्या माणिकडोहला किंवा बोरिवलीला पाठवावे लागतात, तर इथंच सोय का नको, असं दुसरं. मी दोन्ही वेळा गप्प बसतो आणि ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याची गोष्ट आठवतो.

२००९ च्या एप्रिलमध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक मोठा नर बिबट्या बाहेर काढण्यात आला. संशोधक विद्या अत्रेय आणि वनखात्यानं त्याच्या शेपटीजवळ चिप बसवली, गळ्यात पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. पट्ट्याच्या नोंदींवरून त्याची वाट नकाशावर उमटत गेली. घाटातून तो उत्तरेला सरकला, मुंबई-आग्रा रस्ता ओलांडला, कसाऱ्याजवळ आमच्या पंचवटी एक्स्प्रेसचे रूळ ओलांडले, वसईकडून खाडी पोहून गेला आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास, आणि वाटेत एकाही माणसाला इजा नाही. पुढे पट्टा बंद पडला. २०११ च्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीची धडक बसून एक बिबट्या मेला. अंगावर ओळखीची कुठलीच खूण नव्हती. यंत्र शेपटीजवळ फिरवलं, आकडा उमटला, आणि टाकळी ढोकेश्वरचं पान सापडलं.